घराने दुसरी शाळा होऊ नये

शहरांतील शालेय साहित्याच्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एका नव्या मालाची भर पडली आहे. तिसरी-चौथीच्या मुलाने करावयाचे विज्ञानाचे 'प्रकल्प' तेथे तयार मिळतात. जलचक्राचा रंगीत तक्ता, फुलाच्या भागांची प्रतिकृती, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, दोऱ्याला लोंबणारे सूर्यमालेचे गोल. ज्याची जशी ऐपत तशी निवड. ज्यांना दुकान परवडत नाही किंवा दुकानचा माल पसंत पडत नाही, त्यांच्या घरी आई रात्री अकरापर्यंत कातरकाम करीत बसते, वडील कचेरीतून चित्रे छापून आणतात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललेला असतो ते मूल तोवर झोपी गेलेले असते. सकाळी ते तक्ता सांभाळीत शाळेत नेते, शिक्षक त्यावर शेरा देतात आणि वर्गाच्या भिंतीवर तो वर्षअखेरपर्यंत लटकत राहतो. या सर्व व्यवहारात पैसा खर्च झालेला असतो, आईची झोप खर्च झालेली असते. मुलाने मात्र एकाही वस्तूकडे निरखून पाहिलेले नसते.

लहान मुलाला घरी विज्ञान शिकण्यास साह्य करणे म्हणजे काय, याविषयी आपल्या मध्यमवर्गाची जी समजूत झाली आहे, तिचे हे प्रातिनिधिक चित्र मानावयास हरकत नाही. शाळेत जे अपुरे राहते ते घरी पुरे करून घ्यावयाचे, अशी ती समजूत आहे. मग स्वाध्यायांची उत्तरे तोंडपाठ करून घेणे आले, व्याख्या घोटून घेणे आले आणि ते साधले नाही की शिकवणी लावणे आले. केंद्र सरकारने २०२५ साली केलेल्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरी भागात हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही वर आहे. शिकवणीवरील खर्चाचा मोठा भार वरच्या इयत्तांवर पडतो हे खरे, परंतु शिकवणीची वृत्ती पार पहिली-दुसरीपर्यंत खाली उतरली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी घर ही संध्याकाळची दुसरी शाळा होऊन बसते, आणि तीही पहिलीपेक्षा वाईट. कारण पहिल्या शाळेत निदान मधली सुटी असते.

राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी यांचा विकास करण्याचे कर्तव्य आले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने त्याच यादीत आणखी एका कर्तव्याची भर घातली: सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे. एकाच यादीतील ही दोन कलमे एकत्र वाचावीत असे फारसे कुणाला वाटलेले दिसत नाही. दुसऱ्या कलमाचा अर्थ पालकांनी शुल्क भरणे एवढाच घेतला आणि पहिले कलम भाषणांसाठी राखून ठेवले.

महाराष्ट्रात तिसरीपासून विज्ञानाची ओळख ज्या विषयातून करून दिली जात आली, त्याचे नावच मुळी 'परिसर अभ्यास' असे आहे. नाव ठेवणाऱ्यांची दृष्टी स्वच्छ होती. मुलाचा परिसर म्हणजे त्याचे घर, अंगण, गल्ली, ओढा, स्वयंपाकघर. हा परिसर पाठ्यपुस्तकात मावत नाही. पुस्तक फार तर त्याकडे बोट दाखवू शकते. प्रत्यक्षात मात्र परिसराचा अभ्यास परिसराकडे पाठ करून, बाकावर बसून, 'रिकाम्या जागा भरा' या पद्धतीने होतो. याला पर्याय नाहीत असे नव्हे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करून, आपसांत वाद घालून निष्कर्षाप्रत येऊ शकतात हे तीस वर्षे दाखवून दिले. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक इयत्तांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला तयार केली. तिच्यात उत्तरांपेक्षा करून पाहावयाच्या गोष्टीच अधिक. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारी निर्णयाने बंद पडला. घरातील पाहणे-करणे बंद करण्याचा आदेश कोणतेही सरकार काढू शकत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

पेल्यावरचे थेंब

घराने नेमके काय करावयाचे, हा प्रश्न मोघम उत्तराने सुटणारा नाही. म्हणून एखादे उदाहरण तपशिलाने पाहणे इष्ट. उन्हाळ्यात स्टीलच्या पेल्यात बर्फाचे खडे टाकून पाणी ठेवले की थोड्याच वेळात पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर थेंब जमतात. आठ वर्षांच्या मुलाला कारण विचारले तर पुष्कळदा ते सांगते की पेला गळतो. उत्तर चूक आहे, परंतु निर्बुद्धपणाचे नाही. आत पाणी आहे, बाहेर पाणी दिसते. तेव्हा आतले बाहेर आले, हा तर्क सुसंगतच म्हटला पाहिजे. शिवाय घरातला माठ खरोखरच पाझरतो, हे त्याने पाहिलेले आहे.

येथे सुशिक्षित पालकाची कसोटी लागते. त्याला 'संघनन' हा शब्द ठाऊक असतो आणि तो उच्चारण्याचा मोह आवरत नाही. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर निवते, असे एका वाक्यात सांगून तो वर्तमानपत्राकडे वळतो. मूल ते वाक्य पाठ करते. पेला गळतो ही त्याची समजूत मात्र जागच्या जागी राहते, फक्त परीक्षेपुरती झाकली जाते. याउलट, 'पेला गळत असेल तर ते कसे ओळखता येईल?' एवढेच त्याला विचारले तर गोष्ट निराळी होते. पाण्यात कुंकू किंवा हळद कालवून पाहता येते. आतले पाणी लाल झाले तरी बाहेरचे थेंब स्वच्छच राहतात. त्याच पेल्यात बर्फ न घालता साधे पाणी ठेवून पाहता येते; थेंब जमत नाहीत. पेला पाण्याशिवाय नुसताच फ्रीजमध्ये गार करून बाहेर काढता येतो. आत थेंबभर पाणी नसताना तो बाहेरून ओला होतो. इथवर आलेल्या मुलाला आपली समजूत सोडावी लागते, कारण ती कुणी खोटी ठरविलेली नसून पेल्याने खोटी ठरविलेली आहे. मग थेंब कुठून आले, हा प्रश्न आता त्याचा स्वतःचा झालेला असतो आणि 'संघनन' या शब्दाला बसावयास जागा तयार झालेली असते. या सर्वाला लागणारा वेळ तासाभराचा, खर्च बर्फाचा.

विज्ञान शिकविण्यातली ही पायरी वर्गात चाळीस-पन्नास मुले समोर असताना घेणे शिक्षकाला कठीण जाते. प्रत्येक मुलाची चुकीची समजूत निराळी असते. ती ऐकून घेण्यास अवकाश लागतो. तो अवकाश घरात असू शकतो. घराचे खरे बळ याच ठिकाणी आहे, आणि नेमके तेच आपण शिकवणीच्या तासासाठी मोडून टाकतो.

दुसरे उदाहरण सावलीचे. सूर्य दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो, असे आपण सर्वच जण बेलाशक म्हणतो. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करावी आणि सव्वाअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी मुलाला खडूने खूण करू द्यावी. मुंबई-पुण्याकडे सर्वांत आखूड सावली बारा वाजता न पडता साडेबाराच्या आसपास पडते, ऋतुमानाप्रमाणे थोडी मागेपुढे. नागपूरला हा फरक बराच कमी भरतो. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि मुंबई त्याच्या पुष्कळ पश्चिमेस आहे, हे त्याचे मुख्य कारण. दुसरी गोष्ट अशी की, अशा आखूड सावलीच्या क्षणीही सूर्य वर्षातले बहुतेक दिवस बरोबर डोक्यावर नसतोच. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे महाराष्ट्रातील प्रत्येक गावी तो वर्षातून दोनदाच ठीक माथ्यावर येतो. एकदा मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे तो बहुधा दिसत नाही. मे महिन्यातील या शून्य सावलीच्या दिवसाच्या गावोगावच्या तारखा आता वृत्तपत्रांतून येतात. सुटीचे दिवस असतात, मुले घरी असतात. पित्याने सांगितलेली वेळ आणि खडूच्या खुणांनी दाखविलेली वेळ जुळत नाही, हे मुलाच्या ध्यानात येणे हा या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग होय. काही पित्यांना तो रुचणार नाही. (सूर्याकडे मात्र थेट पाहू देऊ नये, पाहावयाची ती सावली. विस्तव, विजेची बटणे आणि न्हाणीघरातील आम्ल यांबाबतही मोठ्यांचा हात लागतोच.)

आईचे विज्ञान

'आम्हांला विज्ञान येत नाही, आम्ही काय शिकविणार?' हा प्रश्न विशेषतः माता विचारतात. ज्या स्वयंपाकघरात त्या हे म्हणतात, तेथेच रोज रात्री दुधाला विरजण लागते. थंडीत विरजण थोडे अधिक घालावे, भांडे उबेला ठेवावे, फार कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, हे सर्व त्यांना अनुभवाने अवगत असते. या अनुभवाला प्रयोगाचे रूप देण्यास तीन वाट्या पुरतात. तिन्हींत एकाच पातेल्यातील कोमट दूध घ्यावे. पहिलीत विरजण घालून ती ओट्यावर ठेवावी. दुसरी तशीच ओट्यावर, पण विरजणाशिवाय. तिसरीत विरजण घालून ती फ्रीजमध्ये. सकाळी काय होईल ते मुलाने रात्रीच वहीत लिहून ठेवावे. पहिली आणि दुसरी यांत फरक फक्त विरजणाचा, पहिली आणि तिसरी यांत फक्त उबेचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगशास्त्राचा पहिला नियम आहे. तो पदवीच्या वर्गात समजावून सांगताना अध्यापकांची दमछाक होते. उन्हाळ्यात दुसऱ्या वाटीतले दूध नासलेले आढळले तर उत्तमच. नासणे आणि दही लागणे यांत भेद काय, असा नवा प्रश्न फुकट पदरात पडतो. हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा का पडतो, मटकीला मोड येण्यास उजेड लागतो की नाही, सोललेले संत्रे पाण्यात बुडते आणि न सोललेले का तरंगते. असल्या प्रश्नांची या घरात वाण नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीनुसार पंधरा ते एकोणसाठ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सुमारे १४० मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषाचा ७४ मिनिटे. तेव्हा 'पालकांनी मुलासाठी वेळ काढावा' या सात्त्विक वाक्याचा व्यवहारातला अर्थ आईने आणखी वेळ काढावा असा होतो. घरातील विज्ञान हे आईच्या दिवसात घातलेले नवे काम असता कामा नये. ते चालू कामातच बसले पाहिजे. आणि सावलीच्या खुणा, बाजारातले वजनमाप, सायकलची साखळी ही कामे वडिलांच्या वाट्याची समजण्यास काही प्रत्यवाय नाही.

भाषेचाही मुद्दा आहेच. मराठी घरांतील मोठा वर्ग आता मुलांना इंग्रजी माध्यमात घालतो. त्या निवडीची चर्चा येथे अप्रस्तुत. परंतु तिचा एक परिणाम असा की, विज्ञानाचे पुस्तक परभाषेत असल्यामुळे विज्ञानाविषयी बोलावयाचे ते परभाषेतच, असा धाक आईबापांना बसतो आणि ते बोलणेच सोडून देतात. वास्तविक निवणे, आटणे, विरघळणे, पाझरणे, शोषणे, मुरणे, साकळणे अशा क्रियापदांनी मराठी घर भरलेले आहे. मीठ विरघळते आणि बर्फ वितळतो, हा भेद घरची भाषा सहज करते. इंग्रजी पुस्तकातून शिकणारी मुले मात्र त्या दोन क्रियांच्या नावांत वारंवार घोटाळा करताना दिसतात. निरीक्षण घरच्या भाषेत झाले तर पुढे पुस्तकी संज्ञा कोणत्याही भाषेत चिकटते.

उत्तर ठाऊक नसणे ही पालकाची उणीव मानली जाते, तीही अकारण. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागू लागली की ते त्यांना सांगत, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तराबरोबर स्वाक्षरी मिळेल. २०२५ साली ते निवर्तले; पण स्वाक्षरीची किंमत प्रश्नात घेण्याची त्यांची ही रीत कोणत्याही घराला उचलता येईल. मोबाइलमुळे आज उत्तर पोस्टकार्डाइतके दूर राहिलेले नाही, ते खिशात असते. मुलाने अंदाज बांधण्यापूर्वीच पडद्यावर उत्तर उमटते आणि विषय संपतो. फोन वापरूच नये असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आधी मुलाचा अंदाज, मग करून पाहणे आणि सर्वांत शेवटी फोन, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ झाले. त्याच फोनवर अरविंद गुप्ता यांची खेळणीही पाहता येतात. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्या भांडवलावर भूमितीचे आकार उभे केले. ती पुस्तके आणि चित्रफिती कुणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत.

घराघरांतील अंतर

आता या सर्व विवेचनावर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप. घराचे महत्त्व वाढविले की घराघरांतील विषमता शाळेत शिरते. ज्या घरी दोन्ही पालक पदवीधर, फ्रीज, गच्ची आणि रविवारची फुरसत आहे, तेथील मूल पुढे जाईल. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी वर्षाचे पाच-सहा महिने परगावी जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला 'घर' म्हणजे कारखान्याजवळची कोपी. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. तो ध्यानी घेऊनच शाळांनी आपला व्यवहार बदलावयास हवा.

पहिली गोष्ट, घरून करून आणावयाच्या प्रकल्पांना गुण देणे थांबवावे. २०१० नंतर राज्यात आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन मानले गेले. हेतू चांगला होता. परंतु घरी केलेल्या वस्तूला जेव्हा गुण मिळतात, तेव्हा ते पालकाच्या पैशाला आणि वेळेला मिळतात. दुकानातील तयार ज्वालामुखी हे या धोरणाचेच अपत्य होय. बाजार मागणीप्रमाणे पुरवठा करतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेच्या साहित्याने व्हावेत. घरी न्यावयाचा तो केवळ एखादा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराला गुण नसावेत.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या निवडीची. श्रमिकांच्या घरात पदवी नसते, परंतु निसर्गाशी आणि वस्तूंशी असलेला व्यवहार सुशिक्षितांहून कितीतरी दाट असतो. कोणत्या जमिनीत पाणी लवकर मुरते, गाय व्यायच्या आधी कोणती लक्षणे दिसतात, लोखंड किती लाल झाले की ठोकावयाचे, भिंतीला ओळंबा का लावतात, उसाच्या कोणत्या भागात गोडी अधिक. हे त्या मुलाच्या घरी विचारले तर उत्तर मिळते, आणि डॉक्टर-वकिलांच्या घरी ते बहुधा मिळत नाही. शाळेने असे प्रश्न मुद्दाम विचारावेत. मग वर्गात ऊसतोड कामगाराचा मुलगा सांगू लागेल आणि बाकीचे ऐकतील. आजवर शाळेने हे फारसे विचारलेले नाही, याचे कारण विज्ञान शहरातून येते अशी शाळेचीच समजूत आहे.

तिसरी गोष्ट साहित्याची. ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते, तर भिंग का मिळू नये? प्रत्येक प्राथमिक शाळेत एक पेटी असावी: भिंगे, लोहचुंबक, साधा तापमापक, मोजपट्टी, तागडी व वजने, मापाचा पेला, होकायंत्र. आठवड्यापुरते एकेक साधन मुलांनी घरी न्यावे आणि जे पाहिले ते वहीच्या एका पानावर लिहून परत आणावे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी साखरशाळेत अशीच पेटी असावी. एका मुलाच्या काही महिन्यांच्या शिकवणीच्या शुल्कात ती पेटी भरून होईल. शिक्षकांवरील कारकुनीचा भार आधीच जड आहे, त्यात ही आणखी एक नोंदवही, ही तक्रार रास्त आहे. म्हणून देवघेवीची वही चौथी-पाचवीच्या मुलांनीच ठेवावी. भिंग हरवले किंवा तापमापक फुटला तर वहीत तशी नोंद करावी आणि दुसरा आणावा. ग्रंथालयाचे पुस्तक हरवल्यावर जे करतात तेच.